पेलेजियसला पाखंडी ठरवणं चुकलंच

जुनाखोडकर: पाचव्या शतकातलं ख्रिस्ती धर्मातलं भांडण उकरतोय. ब्रिटनहून रोमला आलेला पेलेजियस म्हणायचा, देवाने आज्ञा दिल्या म्हणजे पाळायची ताकदही दिली. मूल निर्दोषच जन्मतं. बायबलमधला पहिला माणूस आदाम, त्याने देवाची आज्ञा मोडून वाईट पायंडा पाडला, एवढंच. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टिन उलट टोकाला: आदामाचा दोष सगळ्यांना लागला, देवाच्या कृपेविना चांगलं वागायची इच्छासुद्धा होत नाही. ४१८ साली कार्थेजच्या बिशपांच्या परिषदेने पेलेजियसचं मत धुडकावलं. पणजोबाच्या कर्जापायी तान्ह्याच्या नावे नोटीस, हा कुठला न्याय? आणि 'माझ्याच्याने होणार नाही' हे धर्मच शिकवू लागला तर धडपड करेल कोण?

वसईवाली: पेलेजियस ऐकायला गोड, जगायला निर्दय. दारू सुटली नाही? मग दोष सगळा तुझाच, ताकद तर दिली होती! ऑगस्टिनने स्वतःबद्दल लिहिलंय की तरुणपणी तो 'देवा, मला ब्रह्मचर्य दे, पण इतक्यात नको' असं मागायचा. असला माणूस उपदेश देऊन सुधारत नाही. आळसाचं म्हणाल, तर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची पहिली पायरीच दारूपुढे हतबल असल्याची कबुली आहे. ती माणसं हातपाय गाळून बसलेली दिसतात का?

जुनाखोडकर: दारुड्याचं पटलं. तान्ह्याचं काय? बाप्तिस्म्याआधी, म्हणजे ख्रिस्ती दीक्षेआधी, गेलेल्या बाळालाही ऑगस्टिन शिक्षा सांगतो. 'अगदी सौम्य' म्हणे!

वसईवाली: त्याची वकिली मी करणार नाही. व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगानेही २००७ मध्ये अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारणं आहेत असं म्हटलं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत तर आदामाकडून मरण आलं, अपराध नाही.

टाळकरी: एवढं लांब कशाला? आपला विठोबा पतितपावनच. ना. वा. टिळक तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडे गेले.

सायमन_नगर: टाळकरी, पूल आहे, पण दोन्ही काठ एक नाहीत. तुकोबा स्वतःला पतित म्हणतात तेव्हा आदामाचा हिशेब मांडत नाहीत. आणि धागाकर्ते, कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का, हा प्रश्न प्रेषित पौलाने बायबलमधल्या रोमकरांना लिहिलेल्या पत्रात स्वतःच काढलाय आणि मुळीच नाही म्हणून झटकलाय. तुमचा आक्षेप जवळपास दोन हजार वर्षं उशिरा आला.

जुनाखोडकर: झटकला, मान्य. पण सगळेच सारखे बुडालेले, तर देव एकालाच का उचलतो? यावर ऑगस्टिन 'देवाचे निर्णय अगाध' म्हणून मोकळा होतो. पेलेजियसकडे निदान उत्तर तरी होतं.