मदत हवी आहे: वाचताना जबडा उडतो, एकदा मोठी फिट आली

धाकटा भाऊ १९ वर्षांचा. चोपड्याजवळच्या आमच्या गावात राहतो, बीएस्सी करता करता पोलीस भरतीचा अभ्यास चालू आहे. वर्षभरापासून पंधरा-वीस मिनिटं वाचलं की त्याचा खालचा जबडा कट्‌कन उडतो, जीभ अडखळते. उचकी लागावी तसं, पण जबड्यात. शुद्धीत असतो पूर्ण. पुस्तक मिटलं की जरा वेळात थांबतं. आई म्हणायची अभ्यासाचा कंटाळा. खोटं कशाला सांगू, मीही तेच म्हणत होते.

श्रावणात आजीला पोथी वाचून दाखवत होता. जबडा उडायला लागला तसा तो उठत होता, पण अध्याय अर्धा सोडायचा नाही म्हणून आजीने बसवलं. पुढच्या पाच-सात ओव्यांत पोथी हातातून सुटली आणि हा पाटावरून आडवा. अंग ताठ, मग झटके, तोंडाला फेस. शेजारचे काका चप्पल घेऊन धावले, कुणी कांदा फोडला. आजीचं एकच, "पोऱ्याले नजर लागनी." त्यात हातात पोथी! गल्लीत दोन तट पडले, एक देवाचा कोप म्हणणारा, दुसरा अंगात आलं म्हणणारा.

जळगावला दाखवलं. एमआरआय आणि ईईजी (डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेचा आलेख काढतात तो), दोन्ही नॉर्मल. वाचतानाच होतं हे मी तीनदा सांगितलं, उत्तर मिळालं की टेन्शन घेत असेल. गोळी सुरू आहे, जबडा अजून उडतो.

मग मीच शोधलं. वाचनाने येणाऱ्या फिट्स म्हणून प्रकार आहे, बिकफर्ड आणि सहकाऱ्यांनी १९५६ साली त्याचं वर्णन केलंय. बहुधा किशोरवयात किंवा विशीच्या आसपास सुरू होतो, आधी जबड्याला झटके, आणि तरी वाचत राहिलं तर मोठी फिट. वाचून अंगावर काटा आला, आमच्याच ओट्यावर बसून लिहिल्यासारखं. आणि ईईजीच्या वेळी भाऊ डोळे मिटून पडून होता, एक ओळ वाचली नाही!

ईईजी चालू असताना वाचायला लावतात का? डॉक्टरांना राग न येता हे कसं सांगायचं? कुणाच्या घरी असं आहे का?

प्रतिसाद १
ताई, आमच्या घरी वेगळी तऱ्हा. बायकोला डोक्यावरून कढत पाणी घेतलं की फिट यायची. बंबाच्या पाण्याने आंघोळ, त्यात तांब्यावर तांब्या. कर्नाटकात असे पेशंट बरेच सापडतात म्हणे. आता कोमट पाणी, डोकं वेगळ्या दिवशी, आणि गोळी. दोन वर्षं झाली, काही नाही. कुणाला चमकत्या उजेडाने येते, कुणाला जेवताना. चप्पल-कांदा मात्र बंद करा. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली तर थेट दवाखाना.

प्रतिसाद २
मी धुळ्याला ईईजी काढतो. नॉर्मल आला म्हणजे फिट नाही, असं नसतं. वाचायला लावून काढता येतो, पण डॉक्टरांनी चिठ्ठीवर तसं लिहायला हवं. जबडा हलला की स्नायूंच्याच रेघा उमटतात, म्हणून सोबत व्हिडिओ हवा. आजच मोबाईलवर चेहऱ्याचं शूटिंग करून ठेवा. शब्दांपेक्षा ते लवकर पटतं, रागाचा प्रश्नच येत नाही. एक विचारतो, सकाळी उठल्यावर हातातली वस्तू उडते का? तसं असेल तर आधी सांगा, काही गोळ्यांनी असे झटके वाढतात. पण स्वतः गोळी बंद करू नका, एकदम बंद केल्याने मोठी फिट येऊ शकते. तोवर जबडा उडाला की वाचन तिथेच थांबवायचं. जागरण नको, मोटरसायकल नको, विहिरीवर पोहायला तर नकोच.

धागाकर्ती
दादा, दोनदा सकाळी चहाचा कप उडाला होता. आईने धांदरट म्हणून झापलं होतं त्याला. लिहून घेतलं. आजीला सांगितलं, तर गप्प बसली आहे. सोमवारी पुन्हा जळगावला जातोय. सोबत भरतीचं पुस्तक नेऊ की पोथी?

प्रतिसाद २
दोन्ही न्या. आणि मोठ्याने वाचायला लावा.