अनुभव धागा: टाइमशेअर घेतला, वापरला, विकला (किंवा विकताच आला नाही)

पाऊलवाट (धागाकर्ती)

ओळखीतल्या एका कुटुंबाला त्यांचा टाइमशेअर (रिसॉर्टमधली जागा दर वर्षी ठरावीक काळ वापरायचा विकत घेतलेला हक्क) आमच्या नावावर करायचा आहे. दर वर्षी एक आठवडा, दोन बेडरूम, करार संपायला अजून बरीच वर्षं. मागताहेत ती रक्कम इतकी कमी आहे की त्यामुळेच शंका येतेय. नेटवर शोधलं तर एकीकडे जाहिराती आणि दुसरीकडे 'लुबाडलं हो'चा आक्रोश, मधलं काही हाती लागत नाही. म्हणून हा धागा. ज्यांनी स्वतः घेतलाय, वापरलाय, विकलाय किंवा ज्यांच्या गळ्यात वारशाने पडलाय त्यांनी लिहा. मित्राच्या मेव्हण्याचे अनुभव नकोत. मला कळायला हवंय ते एवढंच: मेंटेनन्स (रिसॉर्टला दर वर्षी भरायचा देखभाल खर्च) किती वाढतो, हव्या त्या तारखा मिळतात का, आणि नको झाल्यावर सुटका कशी होते. कंपन्यांची नावं घेऊन भांडायचं असेल तर कृपया वेगळा धागा काढा.

खिडकीची_सीट

मी समाधानी गटातली, त्यामुळे आधीच लिहून मोकळी होते, पुढे गर्दीत आवाज पोचणार नाही.

आमचा आठवडा ठरलेला आहे. म्हणजे फिक्स्ड वीक: वर्षातला तोच आठवडा, तीच जागा. बुकिंगची भानगडच नाही. लोक म्हणतात, दर वर्षी तेच ते बघून कंटाळा येत नाही का? आम्हाला नाही येत. सासूबाईंना जिने चढवत नाहीत, मुलं लहान होती तेव्हा त्यांचं वेळापत्रक वेगळं असायचं. अशा वेळी हॉटेलच्या दोन वेगवेगळ्या खोल्यांपेक्षा एका दाराआड दोन बेडरूम, बसायची जागा, स्वयंपाकघर आणि कपडे धुवायचं मशीन असणं किती मोठी गोष्ट आहे हे तिघा पिढ्यांना घेऊन हिंडणाऱ्यालाच कळेल. शिवाय पैसे आधीच भरलेले असल्यामुळे नवरा मुकाट्याने रजा टाकतो. एरवी 'पुढच्या महिन्यात बघू' हे त्याचं ब्रीदवाक्य आहे.

पण हे जमतं कारण आमच्या रजा आणि तो आठवडा जुळतो. ज्या दिवशी जुळणं थांबेल त्या दिवशी माझं मत बदलेल.

हिशोबी_मांजर

भावना बाजूला ठेवून आकडे मांडतो. चलन कुठलंही धरा.

समजा सुरुवातीची किंमत १००, करार २५ वर्षांचा, दर वर्षी ७ रात्री. पहिल्या वर्षीचा मेंटेनन्स ४ आणि तो दर वर्षी ५ टक्क्यांनी वाढतो. शेवटच्या वर्षी तो जवळपास १३ होतो. पंचवीस वर्षांत नुसत्या मेंटेनन्सची बेरीज साधारण १९१. म्हणजे ज्या १०० वर घासाघीस करता तो लहान तुकडा आहे, मोठा तुकडा पुढे आहे आणि त्याचा दर ठरवणं तुमच्या हातात नाही.

एकूण २९१ भागिले १७५ रात्री, म्हणजे रात्रीला १.६६. ही रक्कम तशाच दर्जाच्या जागेच्या आजच्या भाड्याशी ताडून बघा. भाडंही वाढणार, हे मान्य. पण २५ पैकी १५ वर्षंच जाणं झालं तर रात्रीचा दर २.७७ वर जातो, कारण न गेलेल्या वर्षांचा मेंटेनन्स माफ होत नाही. आणि तेच १०० सहा टक्क्यांनी कुठे ठेवले असते तर २५ वर्षांत ४२९ झाले असते, हे मी अजून धरलेलंच नाही. कर्ज काढून घेतलात तर व्याज वेगळं.

धागाकर्तीच्या बाबतीत मात्र १०० च्या जागी अगदी छोटा आकडा येतो, त्यामुळे गणित पार बदलतं. तिथे फक्त मेंटेनन्स विरुद्ध भाडं एवढंच बघायचं.

उन्हाळी

मांजरसाहेब, गणितात एक खाना राहिला: रात्री मिळाल्या तर!

आमचा फ्लोटिंग वीक होता. सीझनच्या आत कुठलाही आठवडा मागा, जागा असेल तर मिळेल. 'असेल तर' हे दोन शब्द नीट वाचा. शाळेला सुट्टी सगळ्यांच्या मुलांना एकाच वेळी लागते. बुकिंग उघडलं की पहिल्या काही तासांत त्या तारखा संपतात. मी वर्षभर आधी गजर लावून बसायचे, तरी कधी मिळायच्या, कधी नाही. मग शाळा बुडवून आडवेळी जायचं किंवा आठवडा पुढच्या वर्षावर ढकलायचा, आणि पुढच्या वर्षी दोन आठवड्यांची रजा कोण देणार?

मुलं मोठी झाल्यावर चित्र उलटलं. आडवेळी गेलो की रिसॉर्ट रिकामं, खोली मनासारखी. निवृत्त लोकांना हा सौदा बरा पडतो असं माझं स्पष्ट मत आहे. विकतात मात्र लहान मुलं असलेल्या जोडप्यांना.

जुनाजाणता

मी काही वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होतो. विकायचं काम. कंपनीचं नाव सांगणार नाही.

मोफत मुक्काम किंवा व्हाउचर देऊन माहिती ऐकायला बोलावतात, 'दीड तास लागेल' म्हणतात, तो दुप्पट होतो. आधी तुमच्या स्वप्नांबद्दल विचारतात. मग तुम्ही आजवर हॉटेलांवर केलेला खर्च तुमच्याच तोंडून वदवून घेऊन कागदावर लिहितात. मग किंमत. तुम्ही नाही म्हणालात की मॅनेजर येतो आणि किंमत पडते. परत नाही म्हणालात की कुठूनतरी 'एका सभासदाने परत केलेला आठवडा' निघतो. हे सगळं आजच, इथेच. खरं तर उद्याही तोच भाव मिळतो, पण घरी जाऊन झोप काढलेला माणूस परत येत नाही हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं.

म्हणूनच अनेक देशांत कायद्याने विचार बदलायला मुदत दिली आहे. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशानुसार १४ दिवस, आणि तेवढ्या काळात ग्राहकाकडून आगाऊ पैसेही घेता येत नाहीत. फ्लोरिडात १० दिवस. त्याच युरोपीय निर्देशात आणखी एक वाक्य आहे, ते मला फार आवडतं: टाइमशेअर गुंतवणूक म्हणून विकायचा नाही. आम्ही तो शब्द उच्चारत नसू, फक्त वर जाणाऱ्या रेषेचा आलेख दाखवत असू.

अवांतर: कल्पना मुळात वाईट नव्हती. १९६३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हापिमाग ही कंपनी सुरू झाली ती भागधारकांनी मिळून सुट्टीची घरं वापरायची या विचाराने. साठच्याच दशकात फ्रेंच आल्प्समधल्या स्कीइंगच्या एका ठिकाणी आठवड्यांची विक्री झाली. खोली भाड्याने घेण्यापेक्षा हॉटेलच विकत घ्या, स्वस्त पडेल, असा तेव्हाचा सूर होता. बिघडली ती विकण्याची रीत. किमतीतला मोठा हिस्सा मार्केटिंग आणि कमिशनमध्ये जातो, म्हणून सही झाल्या क्षणी वस्तूचा भाव कोसळतो.

दोन_बॅगा

एक्स्चेंजबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून! आम्ही स्वतःच्या रिसॉर्टला क्वचितच जातो. आठवडा आरसीआय या अदलाबदल करून देणाऱ्या संस्थेत जमा करायचा आणि दुसरीकडचा घ्यायचा. ही संस्था १९७४ ची, तशीच दुसरी इंटरव्हल इंटरनॅशनल १९७६ ची, दोन्ही अमेरिकेतल्या. जगभरची रिसॉर्ट्स त्यांच्या यादीत असतात.

मर्म इतकंच की सगळे आठवडे सारखे नसतात. तुमच्या आठवड्याला मागणी किती, खोली केवढी, तुम्ही किती आधी जमा केलात, यावर त्याची पत ठरते. गर्दीच्या हंगामातला दोन बेडरूमचा आठवडा वर्षभर आधी जमा केला तर बरंच काही उघडतं. पावसाळी हंगामातला स्टुडिओ शेवटच्या क्षणी टाकून समुद्रकाठची डिसेंबरातली जागा मागितली तर यादी रिकामी दिसणार. संस्थेची वार्षिक वर्गणी वेगळी आणि प्रत्येक अदलाबदलीचं शुल्क वेगळं, हे हिशोबात धरा.

मला यात मजा येते. रात्री मुलं झोपली की मी याद्या चाळत बसतो. ज्याला असल्या खटपटीचा कंटाळा आहे त्याने एक्स्चेंजच्या भरवशावर घेऊ नये.

वाचनमात्र

पॉइंटवाल्यांनीही (आठवड्याऐवजी पॉइंट घेऊन ते रात्रींसाठी वापरणाऱ्यांनी) लिहा ना. आठवड्यापेक्षा ते बरं म्हणतात.

खिडकीची_सीट

बहिणीकडे पॉइंट आहेत. तिला लवचिकता आवडते: तीन रात्रीही घेता येतात, मोठी-छोटी खोली निवडता येते. पण कुठल्या तारखेला किती पॉइंट लागतील तो तक्ता कंपनीच्या हातात. (धागाकर्तीने मेव्हण्याचे अनुभव नको म्हटलंय, बहीण चालावी.)

नको_असलेला_वारस

तिसऱ्या प्रश्नावर लिहितो. वडील गेल्यावर कागद चाळताना टाइमशेअर सापडला. करार कायमस्वरूपी, शेवटची तारीखच नाही. विकत घेताना 'पिढ्यान्‌पिढ्या' म्हणून कौतुकाने सांगतात, तेच कलम वारसांच्या मागे लागतं. आम्हा भावंडांपैकी कुणालाच नको होता. वकिलाने सांगितलं, एकदाही वापरू नका, मेंटेनन्सचा एक हप्ताही भरू नका, आधी वारसा नाकारत असल्याचं लेखी द्या. तसं केलं आणि सुटलो. प्रत्येक ठिकाणचा कायदा वेगळा, त्यामुळे हे जसंच्या तसं उचलू नका.

स्पेनमध्ये १९९८ च्या कायद्याने जास्तीत जास्त ५० वर्षांची मर्यादा घातली, आणि २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मुदत नसलेले करार रद्दबातल ठरवले. सगळीकडे असं नाही. आपला करार मालकी हक्काचा आहे की ठरावीक वर्षं वापरायच्या हक्काचा, हे पहिल्या पानावर शोधा.

सुटले_एकदाची

विकायला काढला की काय होतं ते सांगते. महिनोन्‌महिने कुणी फिरकत नाही. मग एक फोन येतो: तुमच्या आठवड्याला ग्राहक तयार आहे, चांगला भाव देतोय, तुम्ही फक्त कर आणि कागदपत्रांचा खर्च आधी पाठवा. ग्राहक बिग्राहक काही नसतो. मी फोन ठेवला, कारण पैसे विकणाऱ्याला मिळायचे असतात, त्याने भरायचे नसतात. हा उद्योग किती मोठा आहे बघा: २०२३ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने मेक्सिकोतल्या अमली पदार्थांच्या एका टोळीशी जोडलेल्या, टाइमशेअर मालकांना लुबाडणाऱ्या कंपन्यांवर निर्बंध घातले.

शेवटी मी थेट रिसॉर्टलाच लिहिलं की परत घ्या. पहिल्यांदा नकार आला. नंतर त्यांनी परतीची योजना काढली, थकबाकी शून्य असेल तर घेऊ म्हणाले. मला पैसे मिळाले नाहीत, पण मेंटेनन्स थांबला. त्याआधी एका वर्षी वादळात छप्पर उडालं म्हणून सगळ्या मालकांकडून विशेष आकारणी घेतली होती, त्यातच माझा उत्साह मावळला होता.

पाऊलवाट

सगळ्यांचे आभार. त्या कुटुंबाला विचारलं. करार मुदतीचा आहे, कायमचा नाही. आठवडा फ्लोटिंग. गेल्या काही वर्षांच्या मेंटेनन्सच्या पावत्या मागवल्यात. दोन_बॅगा, हस्तांतरानंतर एक्स्चेंजचं सभासदत्व आपोआप येतं का?

दोन_बॅगा

बऱ्याचदा नाही. नव्याने घ्यावं लागतं, आणि काही ठिकाणी दुसऱ्या हाताने घेणाऱ्याला मूळ सभासदाच्या सगळ्या सवलती मिळत नाहीत. कुटुंबाला नव्हे, रिसॉर्टला ईमेल करून विचारा.

हिशोबी_मांजर

त्याच ईमेलमध्ये थकबाकी नसल्याचं पत्र, हस्तांतराचं शुल्क आणि कुठली विशेष आकारणी मंजूर झाली आहे का, हेही विचारा. आणि चालू वर्षाचा आठवडा कुणी वापरायचा, त्याचा मेंटेनन्स कुणी भरायचा, हे सहीच्या कागदावर लिहून घ्या. ओळखीतल्या व्यवहारात हेच बोलायचं राहून जातं.