सौर पॅनेलच्या जोडीला बदलत्या फेऱ्यांचा डिझेल जनरेटर घ्यावा का?

प्रश्न (डाळमिल, लातूर)
नमस्कार. आमच्या मिलच्या छतावर ४० किलोवॅटची सौर पॅनेले आहेत आणि वीज गेली की ६२.५ केव्हीएचा जनरेटर चालतो. भर दुपारी ३५ किलोवॅटच्या लोडपैकी ३० किलोवॅट पॅनेलच देतात, त्यामुळे जनरेटर जेमतेम ५ किलोवॅटवर चालत राहतो. गेल्या महिन्यात सायलेन्सरच्या जोडातून काळा, चिकट द्रव भिंतीवर ओघळलेला दिसला. लोडप्रमाणे फेरे कमी-जास्त करणारा सेट घेतल्यास हा त्रास थांबेल का?

उत्तर (जनरेटर दुरुस्ती, परभणी)
दादा, तो द्रव म्हणजे न जळलेले डिझेल आणि काजळी. कमी लोडवर इंजिन पुरेसे तापत नाही. साधारणपणे किमान ३० टक्के लोड ठेवावा असे सांगतात, तुमचा सेट ६२.५ केव्हीएचा, म्हणजे साधारण ५० किलोवॅटचा, म्हणून ५ किलोवॅट हा १० टक्केच लोड आहे. चार पोलच्या (चुंबकीय ध्रुवांच्या) अल्टरनेटरमधून, म्हणजे सेटच्या वीज तयार करणाऱ्या भागातून, आपल्या विजेची ५० हर्ट्झ वारंवारता मिळवायची तर लोड असो वा नसो, इंजिनाला मिनिटाला १५०० फेरे घ्यावेच लागतात. १२०० केले तर ४० हर्ट्झ मिळून मोटारी मंदावतात. म्हणून बदलत्या फेऱ्यांच्या सेटमध्ये तयार झालेली वीज आधी डीसी (एकाच दिशेने वाहणारी) करतात आणि मग इन्व्हर्टरने तिची पुन्हा ५० हर्ट्झची एसी (दिशा बदलत राहणारी) करतात. कमी लोडवर त्यामुळे डिझेल नक्की वाचते, पण पूर्ण लोडवर इन्व्हर्टरमध्ये थोडी वीज वायाच जाते.

उत्तर (सोलर जोडणी, छत्रपती संभाजीनगर)
यात एक अडचण आहे. श्रावणातल्या ऊन-सावलीत ढग आला की पॅनेलचा सगळा भार क्षणात जनरेटरवर येतो, आणि मंद फिरणारे इंजिन तो लगेच उचलू शकत नाही. फेरे वाढेपर्यंतचे काही सेकंद सांभाळायला बॅटरी लागते. जिथे महावितरणची लाइन नाही आणि जनरेटर तासन्‌तास चालतो, तिथे हा खर्च वसूल होतो. आपल्याकडे वीज किती वेळ जाते?

प्रश्नकर्ता
दिवसाला तासभर, तेही रोज नाही.

उत्तर (सोलर जोडणी, छत्रपती संभाजीनगर)
मग नवीन सेट घेऊ नका. जनरेटरवर किमान १५ किलोवॅट राहतील एवढेच उत्पादन पॅनेलमधून घेणारा कंट्रोलर बसवा. वीज गेलेल्या वेळात डाळीला चकाकी देणारा पॉलिशरही चालवलात तर पॅनेलचे उत्पादन तेवढे कमी कापावे लागेल. फक्त मोटारी एकामागून एक सुरू करा.

उत्तर (जनरेटर दुरुस्ती, परभणी)
सहमत आहे. मात्र कंट्रोलर लावण्याआधी सेट एकदा चांगल्या लोडवर तास-दोन तास चालवा, म्हणजे साचलेली काजळी बरीच जळून जाईल. पॅनेल बंद ठेवून मिलचाच ३५ किलोवॅटचा लोड दिलात तरी पुरेल.