रोहूचं वजन हलेना : खाद्याने ‘वाढीचे जीन’ खरंच चालू होतात का?

शिरोळकर_शेततळे
शिरोळ तालुक्यात २० गुंठ्यांचं पन्नीचं शेततळं. २,००० रोहू, सरासरी २०० ग्रॅम. खाद्य शेंगपेंड आणि भाताचा कोंडा, निम्मं-निम्मं. उसाच्या कामात दोन-तीन दिवस खाद्य चुकतं, असं महिन्यातून तीन-चारदा होतं. महिनाभरात वजन वाढलेलं नाही. ‘वाढीचे जीन चालू करणारी’ पावडर मिळते म्हणतात. घालावी का? की बीजच खराब?

पेंड_आणि_कोंडा
पावडरीवर पैसे घालू नका. खाद्याने जीन बदलत नाही, ते किती जोरात काम करतं ते बदलतं.

माशाच्या मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून ग्रोथ हार्मोन, म्हणजे वाढीचं संप्रेरक, सुटतं. यकृताच्या पेशींवर ते पकडणारे रिसेप्टर असतात; त्यांना ते चिकटलं की यकृत आयजीएफ-१ हे वाढीचं दुसरं हार्मोन तयार करतं आणि त्याने स्नायू वाढतो. मासा उपाशी राहिला की रक्तातलं ग्रोथ हार्मोन उलट वाढतं, पण यकृतातले रिसेप्टर घटतात आणि आयजीएफ-१ चं जीन मंदावतं. मग तेच हार्मोन वाढ सोडून साठलेली चरबी वापरायच्या कामाला लागतं. पुन्हा खाद्य मिळालं की गाडी रुळावर येते, मासा काही काळ जास्त वेगाने वाढतोही. पण तुमचे खाडे सारखे पडतात, आणि पन्नीच्या तळ्यात नैसर्गिक खाद्यही मातीच्या तळ्यापेक्षा कमी. शिवाय खाड्यानंतर दांडगे मासे आधी खातात, म्हणून माल लहान-मोठा होतो.

दुसरी गोष्ट मिश्रणाची. तुमच्या खाद्यात प्रथिनं कागदावर २६ टक्के भरतील, तेवढी वाईट नाहीत. पण प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यातली लायसिन आणि मेथिओनिन ही दोन शेंगपेंडीत तोकडी. स्नायूच्या पेशीतली एमटॉर ही यंत्रणा अमिनो आम्लं पोचली तरच प्रथिनबांधणी वेगात चालू ठेवते, आणि एकही गरजेचं अमिनो आम्ल कमी पडलं की बाकीची वाया जातात. १०० किलोला असं करा : सोया डीओसी (तेल काढलेली सोयापेंड) ३०, शेंगपेंड १५, सुकटीची पूड ५, कोंडा ३८, मका भरडा १०, मिनरल मिक्श्चर २. प्रथिनं साधारण २८ टक्के बसतात. सुकटीत वाळू-मीठ जास्त असेल तर ती घेऊ नका.

घरचं सोयाबीन कच्चं दळून घालायचा मोह आपल्या भागात फार. त्यातला ट्रिप्सिन इनहिबिटर प्रथिनांचं पचनच रोखतो. चांगली भाजलेली डीओसीच घ्या.

शिरोळकर_शेततळे
रोज किती किलो, दादा? आणि थंडीत?

पाग_आणि_वजनकाटा
पाग टाकून ३०-४० मासे धरा, एकत्र वजन करून सरासरी काढा. पाच दांडगे बघून अंदाज बांधू नका, तिथेच हिशेब चुकतो. २,००० × २०० ग्रॅम म्हणजे ४०० किलो. अडीच टक्क्यांनी रोज १० किलो. निम्मं सकाळी ९ ला, निम्मं दुपारी ४ ला. भोकं पाडलेल्या पिशव्यांत भरून बांबूला बांधा. दोन तासांनी पिशवी उचला, शिल्लक दिसली तर उद्या १० टक्के कमी. दर १५ दिवसांनी पुन्हा वजन, पुन्हा हिशेब.

पाण्याचं तापमान २० अंशांखाली गेलं की खाद्य निम्म्यावर आणा. ढगाळ पहाटे मासे वर येऊन तोंड मारत असतील तर त्या दिवशी खाद्य बंद आणि एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालू. ऑक्सिजन कमी असताना मासा खात नाही, पडलेलं खाद्य कुजून उरलासुरला ऑक्सिजनही खातं.

बीजाबद्दल : जीनमधला खरा फरक तिथूनच येतो. भुवनेश्वरच्या सीफा या गोड्या पाण्यातल्या मत्स्यपालनाच्या संशोधन संस्थेने निवडपद्धतीने तयार केलेला ‘जयंती रोहू’ १९९७ पासून आहे. पुढच्या वेळी त्याचं खात्रीचं बीज मिळतंय का बघा. आत्ताचा लॉट मात्र खाद्य सुधारल्याशिवाय खराब म्हणता येणार नाही.

पेंड_आणि_कोंडा
एक राहिलं. पावसाळ्यात पेंडीच्या पोत्याचा तळ हाताने फोडून बघा. हिरवट-पिवळी बुरशी किंवा कुबट वास असेल तर ते पोतं टाकूनच द्या, वाळवून वापरू नका. त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, उन्हात वाळवल्याने पुरतं जात नाही, आणि ते घाव घालतं यकृतावर, जिथे आयजीएफ-१ तयार होतं. पोती फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा.