मदत हवी आहे: गाडीच्या ग्रिलसाठी घरगुती, स्वस्त जाळी कशाची करावी?

ऊसतोडीच्या हंगामात गगनबावडा रस्त्यावर ट्रॉल्यांमागून जाताना पाचटाचे तुकडे आणि धूळ, तर तिन्हीसांजेला किडे ग्रिलमधून आत शिरून एसीच्या कंडेन्सरच्या (ग्रिलमागे बसवलेला, एसीची उष्णता बाहेर टाकणारा भाग) पातळ पत्र्यांत घट्ट बसतात, म्हणून काढता-घालता येणारे आच्छादन घरीच करण्याचा विचार आहे. खिडकीची फायबरग्लासची मच्छरजाळी स्वस्त आहे, परंतु ती खडी लागल्यावर टिकेल असे वाटत नाही. ॲल्युमिनियमची जाळी मजबूत, मात्र तिच्या कापलेल्या कडा बंपरचा रंग खरवडतील. फ्लेक्स लावण्याचा सल्ला (तो देणारे पुष्कळ!) मी बाजूला ठेवला आहे, कारण हवा अडून घाटात इंजिन तापेल. जाळीची भोके किती मोठी असावीत, कडेला रबरी बीडिंग पुरेल का आणि उन्हात तडकणाऱ्या केबल टायऐवजी काय वापरावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात अशी जाळी फुटावर कापून मिळते का?