कारवानी कुत्रा आणि आठ वर्षांची मांजर: एका घरात कसं जमवू?

केतकी_कोल्हापूर

नमस्कार. नुकतंच बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून आई-बाबा जतहून माझ्याकडे राहायला आलेत आणि त्यांच्याबरोबर सर्जाही आलाय. कारवानी, चार वर्षांचा, २६ किलो. गावाकडे दिवसभर रानात मोकळा असायचा. माझ्याकडे आठ वर्षांपासून मनी आहे. भर पावसात गाडीच्या इंजिनात अडकली होती, बाहेर काढली तेव्हा तळहातावर मावत होती.

पहिल्याच संध्याकाळी मनी जिना उतरून आली. सर्जा बाबांच्या पलंगाशी बसला होता. तो उठला आणि एकदम गप्प झाला. भुंकला नाही, गुरगुरला नाही. तोंड मिटलेलं, पुढचा एक पाय उचललेला, नजर तिच्यावर. मनी वळून पळाली आणि त्याच क्षणी तो सुटला. साखळी माझ्या हातात होती, पण पट्टा त्याच्या डोक्यावरून निघून आला. मनीने माळा गाठला म्हणून वाचली. चार दिवस झाले, ती तिथेच आहे. सगळे झोपल्यावर थोडंसं खाते.

बाबा म्हणतात, सर्जाला चुलत्याकडे पाठवून दे. पण हे बोलताना त्यांचा हात त्याच्या डोक्यावर असतो. मला दोघंही हवेत. शेजारच्या काकू म्हणाल्या, एकदा समोरासमोर सोड, मांजरीने एक पंजा हाणला की कुत्रा जन्मभर लक्षात ठेवेल. करून बघू का?

नाशिकची_मधुरा

करा की! आमच्या लॅबला आमच्या बोक्याने असाच एक पंजा दिला होता. आता दोघं एकाच चटईवर झोपतात. आठवडाभरात सगळं सुरळीत होईल, काळजी करू नका.

कृष्णाकाठ

केतकीताई, कृपा करून असं करू नका. मधुराताईंचा अनुभव खरा आहे, पण लॅब वेगळा. पडलेला पक्षी अलगद तोंडात धरून मालकाकडे आणावा म्हणून ती जात घडवली गेली. कारवानी, ज्याला कर्नाटकात मुधोळ म्हणतात, तो पळत्या जनावरामागे धावण्यासाठी घडलाय. तो नजरेवर शिकार करतो. पंजा बसण्याआधी तो मान धरून झटका देतो आणि तेवढ्यात खेळ संपतो. हे मी ऐकीव सांगत नाही. २०१६ साली माझ्या कुत्रीने आमच्या गोठ्यातली मांजर अशीच मारली. दार मी उघडं टाकलं होतं. ते मांजर हातात घेऊन उभा राहिलो होतो, ते अजून विसरलेलो नाही. त्याच कुत्रीबरोबर, चंद्रीबरोबर, पुढे दुसरी मांजर सात वर्षं राहिली. म्हणून जमतं, हे खात्रीने सांगतो.

आधी पट्टा बदला. या कुत्र्यांचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं, साधा पट्टा मागे ओढला की सटकतोच. मार्टिंगेल नावाचा रुंद पट्टा मिळतो, ओढ बसली की आवळतो पण गळा दाबत नाही. शिवाय जाळीचं मुसकं घ्या, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतील आणि पाणीही पिता येईल. ते रोज थोडा वेळ, आत खाऊ ठेवून घालायला शिकवा.

पहिले आठ-दहा दिवस दोघांची नजरानजर होऊच देऊ नका. वरची खोली मनीची. तिच्या अंगावरून फिरवलेलं फडकं सर्जाच्या जेवणाच्या भांड्याखाली ठेवा, त्याच्या अंगावरचं तिच्या भांड्याशेजारी. मग जिन्याला लहान मुलांसाठी लावतात ते फाटक बसवा, त्यावर चादर टाका आणि चादर रोज चार बोटं वर घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही जे लिहिलंत, तोंड मिटलं, पाय उचलला, ती वेळ हातातून गेलेली असते. त्याच्या आधी पकडायचं. सर्जाला मनी दिसेल, पण तुमच्या हातातला उकडलेल्या चिकनचा तुकडाही तो घेईल, एवढं अंतर शोधा. तुकडा नाकारला तर तुम्ही फार जवळ आहात, मागे व्हा. त्याने तिच्याकडे बघितलं की हाक, मान वळली की तुकडा. पाच मिनिटं पुरे. हे सकाळी भरपूर पळवून आणल्यावरच करा. चंद्रीने मांजरीकडे बघून, मी हाक मारायच्या आत आपणहून माझ्याकडे मान वळवली, त्याला सात आठवडे लागले. कान सैल पडले होते, शेपूट खाली हलत होती. मला रडू आलं.

त्याला मारू नका, ओरडूही नका. मनी दिसली की मार बसतो, एवढंच तो शिकेल. मनीला उचलून त्याच्यासमोर नेऊ नका. तिला माळ्यावरून कपाटावर, कपाटावरून खिडकीत, जमिनीला पाय न लावता जाता येईल अशा फळ्या ठोका. पळायची वेळच आली नाही तर अर्धं काम झालं. आणि घरात जमलं तरी अंगणात दोघांना कधीच एकत्र सोडू नका. उघड्यावर पळणारी मांजर त्याला पुन्हा ससाच वाटते.

डॉक्टरीणबाई_सातारा

पशुवैद्य म्हणून थोडं जोडते. मनी खाते आहे ना, यावर लक्ष ठेवा. मांजर सलग दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर यकृतात चरबी साठून जिवावर बेततं. भांडं, पाणी आणि वाळूचा ट्रे वरच द्या. दुसरं, सर्जा रानातून आलाय म्हणजे गोचिडांचं औषध लावाल. कुत्र्यांच्या मानेवर सोडायच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजरीला विषारी आहे. त्याचं अंग चाटून किंवा त्याच्या गादीवर लोळूनही तिला बाधू शकतं. तुमच्या डॉक्टरांना घरात मांजर आहे हे आधी सांगा. दोघांची रेबीजची लस राहिली असेल तर ती पहिली.

केतकी_कोल्हापूर

अडीच महिन्यांनी लिहितेय. कृष्णाकाठदादा, तुम्ही सांगितलंत तसंच केलं, फक्त चिकनची डबी माझ्याकडे नाही, बाबांकडे आहे. त्यांना फार चालता येत नाही आणि सर्जा त्यांच्या पलंगापासून हलत नाही. त्यामुळे हे काम त्यांनीच घेतलं. रोज सकाळी साडेसातला, डोळ्यांवर चष्मा, मांडीवर डबी.

परवा मनी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, फाटकाच्या पलीकडे येऊन बसली आणि मागचा पाय वर करून चाटत बसली. सर्जाचे कान उभे राहिले. एक, दोन, तीन, मी मनात मोजत होते. मग त्याने मान वळवून बाबांच्या मांडीवर हनुवटी ठेवली. बाबांनी अख्खी डबी त्याच्यापुढे ओतली.

फाटक अजून उघडलेलं नाही. कधी उघडू?

कृष्णाकाठ

वा, बाबांना माझा नमस्कार सांगा. दिवाळी जाऊ द्या. फटाक्यांनी दोघंही बिथरलेली असतील, घाबरलेली मांजर पळतेच. त्यानंतर पाच-सहा दिवस शांत गेले की मुसकं घालून, लांब दोरी तुमच्या पायाखाली धरून उघडा. पहिल्या दिवशी दोन मिनिटं. बाहेर जाताना मात्र फाटक बंद, अजून वर्षभर तरी.