ख्रिस्तात ओळख मिळाली की घरची ओळख सुटते का?

उद्यमबागवाला
बेळगावात नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न, मराठी की कन्नड? दुसरा, कुठल्या गल्लीतले, कुणाचे? मी जन्मभर याचीच उत्तरं देत आलो. फौंड्रीत सतरा वर्षं मोल्डर होतो, म्हणजे ओतकामाचे साचे करायचो. फसलेल्या मालावर खडूनं फुली मारायची आणि तो परत भट्टीत टाकायचा, हे रोजचं. कारखाना बंद पडला तेव्हा वाटायचं, ती फुली माझ्यावरच मारलीय. बायकोकडून डबा भरून घ्यायचो आणि किल्ला तलावावर जाऊन दिवसभर बसायचो.

शेजारच्या मावशींनी प्रार्थनेला नेलं. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय चालला होता. आपण देवाच्या हातची कृती आहोत, आणि आपण करायची चांगली कामं त्यानं आधीच योजून ठेवलीत. आधी कृती, मग काम. मी आयुष्यभर उलटं धरून बसलो होतो. माझं म्हणणं एवढंच, की ओळख कमवायची नसते, ती ख्रिस्तात मिळते, आणि जगायचं कशासाठी तेही तिथूनच कळतं. तुमचं काय मत?

शहापूरची सून
दादा, तुमचं दुःख खरं आहे. पण आमच्या धाकट्या दिरांनी बाप्तिस्मा घेतला, त्या वर्षी गणपतीत ते आरतीला उभे राहिले नाहीत. ताटातला मोदक तसाच ठेवला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. मोदक उचलून आत गेल्या आणि चुलीपाशी बसून राहिल्या. दिरांना ओळख मिळाली, पण त्यांच्या आईची गेली त्याचं काय?

सीमावासी
आम्हाला भाषेनं ओळख दिलीय. बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून १९५६ पासून १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतोय, आमची तिसरी पिढी यात आहे. जगायला कारण पाहिजे तर लढ्यात या की. धर्म बदलला की मराठीपण पातळ होतं.

उद्यमबागवाला
पातळ कसं होईल भावा? बाबा पदमनजी १८३१ साली आपल्या बेळगावातच जन्मले. १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १८५७ मध्ये विधवांच्या हालांवर 'यमुनापर्यटन' लिहिलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात ती हीच. ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी येशूवर अभंग रचले. यांचं मराठीपण कुठं कमी झालं?

वाचनवेडा
पदमनजींचं मान्य. पण तुम्हाला उभं केलं ते मावशींच्या मायेनं. त्याच आठवड्यात कुणी दिंडीला नेलं असतं तर विठोबापाशीही हेच सापडलं असतं. चोखोबांना गावानं वेशीबाहेर ठेवलं, तरी 'मी कुणाचा' हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग फक्त ख्रिस्तातच का?

खानापूरकर
मी जन्मानं ख्रिस्ती, घरात कोंकणी आणि मराठी. दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे उपासनेला, जाऊनही 'मी कोण' हे तिशीपर्यंत कळलं नव्हतं, म्हणजे नुसत्या जन्मानं ते मिळत नाही. आणि डिसेंबर २०२१ मध्ये इथल्या सुवर्णसौधात, म्हणजे विधानसभेच्या इमारतीत, धर्मांतरविरोधी विधेयक आलं, तेव्हा ओळखीच्या माणसानं चहा पिता पिता विचारलं, "तुमच्या घरच्यांना किती पैसे मिळाले होते?" वीस वर्षांची ओळख होती आमची. त्या रात्री मी खूप प्रार्थना केली. देवानं मला नावानं हाक मारलीय, हे त्या दिवशी पहिल्यांदा नुसतं पाठांतर राहिलं नाही.

उद्यमबागवाला
वाचनवेडा, माझे आजोबा माळकरी होते, वारीला मी कमी लेखणार नाही. मावशींची मायाही खरी. पण मावशी गेल्या वर्षी वारल्या आणि मी कोसळलो नाही. ज्यानं धरलंय तो त्यांच्याही पलीकडचा आहे, हे मला तेव्हा कळलं. मी माझं सांगतोय, चोखोबांचं कोण नाकारेल?

वहिनी, पहिल्या वर्षी मीही आईशी असाच वागलो, तो माझा ताठा होता. आता आरतीला उभा राहत नाही, पण चतुर्थीला पहाटेच गावी जातो. पाणी भरतो, नारळ खवून देतो, पंगतीत वाढतो. दिरांना म्हणावं, आधी आईजवळ चुलीपाशी बसा.

शहापूरची सून
सांगते दादा. ते बसतीलही. पण सासूबाई परत मोदक पुढं करतील, तेव्हा त्यांनी काय करायचं?